नागपुरात राहून सोलो स्कुबा डायव्हिंग: सुरुवात कुठून करू?

मिहानचा_मुसाफिर | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरात तारकर्लीला गेलो होतो, तिथं आयुष्यात पहिल्यांदा स्कुबा केलं. मासे, प्रवाळ, सगळं झकास. खटकलं ते एवढंच की सोबतचा पोरगा पूर्ण वेळ मागून माझ्या सिलिंडरची मान धरून होता. मांजर पिल्लाला नेते तसा मला इकडून तिकडे नेऊन राहिला होता. उजवीकडे खडकाखाली काहीतरी मोठं हललं, मी हात दाखवला, तर त्यानं मला डावीकडे वळवून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. अंगठा दाखव, फोटो काढ, चल वर. पैसे वसूल, हौस अर्धी.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे, की हे आपल्याला एकट्यानं करायचं. कोणी मानगूट धरायला नको. बायको पाण्यात घोट्याच्या वर जात नाही आणि मित्रमंडळी फुटाळ्यावर कणीस खाण्यापलीकडे पाण्याशी संबंध ठेवत नाही. म्हणजे सोबती मिळणं तसंही कठीण.

तर जाणकारांनी सांगावं: सोलो डायव्हिंगचं प्रशिक्षण कुठून सुरू होतं? सामान काय घ्यावं? एक जण ऑनलाइन जुना पूर्ण सेट विकतोय, सिलिंडरसकट. तो घेऊन इथंच एखाद्या तलावात सराव केला तर? पोहायला येतं. म्हणजे बुडत नाही.

सावजी_सम्राट | १२ जानेवारी, रात्री १०:५८

नागपूर. देशाचा झिरो माईल. इथून समुद्र चारी दिशांना सारखाच लांब. समृद्धीवर गाडी टाकली तरी ७०१ किलोमीटरनंतर मुंबई, आणि तिथलं पाणी बघून तू फुटाळ्याला परत येशील.

पुणेरी_खडूस | १२ जानेवारी, रात्री ११:२०

'सोलो' म्हणजे एकट्यानं प्रवास करून बुडी मारणं, की एकट्यानंच बुडी मारणं, हे आधी ठरवा. पहिल्यात फार तर पाकीट हरवतं.

वऱ्हाडी_ठेचा | १२ जानेवारी, रात्री ११:३१

"पोहायला येतं म्हणजे बुडत नाही" 😂 भाऊ, ओंडकाही बुडत नाही.

निळी_शाई | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

पुणेरींचा प्रश्न खडूस असला तरी बरोबर आहे, तिथूनच सुरू करते. मी धरमपेठेतली, डायव्हिंग करते त्याला आता नऊ वर्षं होतील, लॉगबुकात १४२ डाईव्ह आहेत. त्यातल्या खऱ्या अर्थानं एकटीनं केलेल्या फक्त अकरा. बाकी सगळ्या ठिकाणी गेले एकटी, पाण्यात उतरले कोणाबरोबर तरी. तुम्हाला जो त्रास झाला तो सोबती असल्याचा नव्हता. तुम्ही केलंत ते ट्राय डाईव्ह, ज्यात काहीही येत नसलेल्या माणसाला पाणी दाखवून आणतात. तिथं त्या पोरानं सिलिंडर सोडला असता तर मी त्याला नावं ठेवली असती.

शिकलेल्या माणसाची कोणी मान धरत नाही. त्यासाठी सोलो नको, ओपन वॉटर कोर्स हवा. थिअरी घरी बसून ऑनलाइन होते, मग जलतरण तलावातलं किंवा उथळ पाण्यातलं प्रशिक्षण, आणि खुल्या पाण्यात चार डाईव्ह. त्यानंतर १८ मीटरपर्यंत सोबत्याबरोबर (त्याला 'बडी' म्हणतात), गाईडविना उतरायची परवानगी. पुढचा ॲडव्हान्स्ड म्हणजे आणखी पाच डाईव्ह, त्यातली एक खोल पाण्यातली आणि एक दिशा ओळखण्याची, या दोन सक्तीच्या. मर्यादा ३० मीटर. मग रेस्क्यू करा, अगदी जरूर करा, कारण त्यात पहिल्यांदा कळतं की घाबरलेला माणूस पाण्यात कसा दिसतो, आणि तो माणूस आपणही असू शकतो.

सोलोचा रीतसर कोर्स याच्यानंतर येतो. एसडीआय या संस्थेनं १९९९ साली तो सुरू केला, तोवर या धंद्यात 'एकट्यानं' हा शब्द उच्चारणंही पाप होतं. पॅडी या दुसऱ्या संस्थेनं २०११ मध्ये आणला आणि नाव मात्र 'सेल्फ रिलायंट डायव्हर' ठेवलं, म्हणजे सोलो म्हणायला नको. दोघांचीही अट आहे की तुमच्या नावावर १०० डाईव्ह हव्यात. वयाची अट एसडीआयकडे २१, पॅडीकडे १८.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सुरुवात सोलोनं होत नाही. शंभरानंतर होते.

तलावाबद्दल आणि त्या जुन्या सेटबद्दल लिहायला सुरुवात केली तर ऑफिसला उशीर होईल. तोवर पैसे पाठवू नका.

सावजी_सम्राट | १३ जानेवारी, सकाळी ८:०२

शंभर!! आमच्याकडे शंभर वेळा अंबाझरीला चक्कर मारली तरी माणूस दमतो.

मिहानचा_मुसाफिर | १३ जानेवारी, दुपारी १:१०

ताई, खूप आभार. शंभरचा आकडा वाचून जेवण गेलं नाही. पण सेटचं काय? तो म्हणतो सिलिंडर "फुल्ल कंडिशन" आहे, आणि भरायचं काम वेल्डिंगवाल्याला ऑक्सिजन देतात ते लोक करून देतील म्हणे.

कोराडीचा_जुना | १३ जानेवारी, दुपारी १:४८

थांबा. काहीही करा पण हे करू नका.

मी औष्णिक वीज केंद्रात कॉम्प्रेसर आणि दाबाची भांडी यांच्यात ३१ वर्षं काढली. डायव्हिंगचा अनुभव शून्य, दाबाचा भरपूर. पहिली गोष्ट, डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो. पेपरवाले बातमीत नेहमी "ऑक्सिजन सिलिंडर लावून" असं छापतात, तिथूनच हा गोंधळ होतो. त्यात साधी हवाच असते, आपण आत्ता घेतोय ती, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि २०० बारला दाबलेली. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर तो मेंदूवर विषासारखा काम करतो, फिट येते. पाण्याखाली फिट आली की तोंडातून नळी सुटते. पुढचं लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, हवा म्हणजे कोणत्याही कॉम्प्रेसरची हवा नव्हे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ येते, शेजारी इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडही आत जातो. जमिनीवर ज्यानं नुसतं डोकं दुखेल, तेच प्रमाण खोलीवर कितीतरी जास्त दाबानं फुप्फुसात जातं. श्वसनाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा असतो, त्याचे फिल्टर वेगळे आणि ते ठरलेल्या तासांनी बदलावे लागतात.

तिसरी, "फुल्ल कंडिशन". सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेल्या चाचणीची, तारीख ठोकलेली असते. तिचा फोटो मागवा. आतून गंज आहे की नाही हे व्हॉल्व्ह काढून बघितल्याशिवाय देवही सांगू शकत नाही. २०० बार म्हणजे तुमच्या गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट. असली वस्तू मी घरात पलंगाखाली ठेवणार नाही.

मिहानचा_मुसाफिर | १३ जानेवारी, दुपारी २:०५

काका, फोटो मागितला. त्यानं मला ब्लॉक केलं.

वऱ्हाडी_ठेचा | १३ जानेवारी, दुपारी २:११

झालं, पहिली सेफ्टी ड्रिल पास.

दर्यावर्दी_मालवण | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मी मालवणचो. असल्या मानगुट्या धरून धरून माझे हात लांब झाले 😄 त्या पोराची बाजू सांगतंय. ट्राय डाईव्हला येणाऱ्या दहातले चार जण पाण्यात गेल्यावर पहिली गोष्ट करतात ती म्हणजे नळी तोंडातून काढून "नाय नाय" म्हणायला बघतात. दोन जण श्वास रोखून धरतात, कारण लहानपणापासून पाण्यात श्वास रोखायचा हेच शिकलेले असतात. स्कुबात तोच सगळ्यात मोठा गुन्हा. श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा फुगत जाते. १० मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट. म्हणून आम्ही धरतो हो.

आणि फोटोत अंगठा दाखवलात ना? पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चला". ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. पर्यटक अंगठा दाखवतात, आम्ही वर घेऊन येतो, मग ते म्हणतात पाच मिनिटं कमी दिली.

मिहानचा_मुसाफिर | १३ जानेवारी, रात्री ९:३६

म्हणजे "चल वर" मीच म्हटलं होतं?? 🤦

निळी_शाई | १३ जानेवारी, रात्री १०:१५

😂😂 दर्यावर्दी, हे वाचून माझा दिवस सार्थकी लागला.

मुसाफिर, तलावाचं राहिलं होतं. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा इथं परवानगीशिवाय उतरणं हा एक भाग. ते समजा मिळालंच, तरी आत हात पुढे केला तर बोटं दिसणार नाहीत. तळाशी गाळ, वेल, मूर्तींचे सांगाडे, मांजाचे गुंते. खाणींच्या खड्ड्यांतलं पाणी वरून निळंशार दिसतं म्हणून पोरं उड्या मारतात आणि दर उन्हाळ्यात बातमी येते. तोतलाडोहाचा विचारही करू नका, व्याघ्र प्रकल्प आहे आणि पाण्यात मगरी आहेत.

सावजी_सम्राट | १३ जानेवारी, रात्री १०:२२

मगर तर नाग नदीतही निघाली होती, विसरलात का. मगर बडी म्हणून चालते का?

वऱ्हाडी_ठेचा | १३ जानेवारी, रात्री ११:०५

ह्या विषयात माहीत काहीच नाही पण एक आठवण सांगतो. आमच्या गावच्या विहिरीत बाबानं मला पोहायला शिकवलं ते पाठीला पत्र्याचा गोडतेलाचा डबा बांधून. तोंड मेणानं बंद केलेला. मी सात वर्षांचा. डबा बांधला की माणूस बुडत नाही, फक्त पालथा होऊन तरंगते. दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी डब्याला भोक पडलं, आत हळूहळू पाणी शिरून राहिलं होतं, मला पत्ताच नाही. मी आपला भरवशावर हातपाय कमी मारून राहिलो. अचानक जड लागायला लागलं. बाबा काठावर बसून बिडी ओढत होता, तो उठला नाही. "मार बे हातपाय" एवढंच ओरडला. पायऱ्यांपर्यंत आलो कसा ते आजही माहीत नाही.

मग डबा सोडून बघितला तर अर्धा भरलेला. बाबा म्हणे, भोक मला कालच दिसलं होतं.

पुणेरी_खडूस | १३ जानेवारी, रात्री ११:१४

या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद विहिरीतून आला.

कान_नाक_घसा | १४ जानेवारी, सकाळी ९:२०

तिळगुळ घ्या. व्यवसायाशी संबंधित म्हणून लिहितो. कोर्सच्या आधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात, ती खोटी भरू नका. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं ऑपरेशन, पूर्वी कधी फुप्फुस फाटलं असेल तर लपवू नका. सगळ्यात जास्त लोक माझ्याकडे येतात ते कान घेऊन. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारून कान मोकळे करायचे असतात, दुखायला लागायच्या आधी. दुखल्यावर जोर लावला की पडदा जातो. आणि सर्दी असताना गोळी खाऊन उतरू नका. तीस मिनिटांनी खाली असताना गोळीचा असर ओसरला तर हवा आत अडकते आणि वर येणं मुश्कील होतं. सुट्ट्या काढल्यात, विमानाचं तिकीट काढलंय, म्हणून उतरणारेच जास्त.

आता सोलोबद्दल स्पष्ट मत, कोणाला राग आला तर येवो. दोन मास्क नेता येतात, दोन सुऱ्या, खोली-वेळ मोजणारे दोन कॉम्प्युटर, हवेची दुसरी सोय. दुसरं हृदय नेता येत नाही. चाळिशीनंतर पाण्याखाली शुद्ध गेली तर तिथं माणूस हवा, सामान नव्हे. मी माझ्या पेशंटला सोलोसाठी हो म्हणणार नाही.

निळी_शाई | १४ जानेवारी, सकाळी १०:४०

डॉक्टर, तुमचा मुद्दा मी खोडू शकत नाही, कोणीच खोडू शकणार नाही. दरवर्षी ईसीजी करून घेते, एवढंच.

पण नाण्याची मी पाहिलेली बाजूही ऐका. अंदमानात, हॅवलॉकला, मला बोटीवर एक सद्गृहस्थ बडी म्हणून दिले. नाव कळलं उतरायच्या दोन मिनिटं आधी. हातात मोठा कॅमेरा. २२ मीटरवर त्यांना कासव दिसलं आणि ते गेले. मी त्यांच्या मागे पाय मारत राहिले, कारण नियम सांगतो बडी सोडायचा नाही. माझी हवा नेहमीपेक्षा भराभर संपत होती. खूण करायला मी हवा-मीटर हातात घेतलं, पण समोर पाठ आणि फिन्स. सिलिंडरवर टकटक केली तरी वळून बघितलं नाही. ६० बार उरल्यावर मी एकटीच वर निघाले, शरीरातला नायट्रोजन निघावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबले, बोटीला दिसावं म्हणून लाल फुगा सोडला. बोटीवर आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही कुठे हरवलात?"

त्या दिवशी मी कागदोपत्री बडीबरोबर होते आणि प्रत्यक्षात एकटी, तेही एकटीच्या तयारीशिवाय. त्यानंतर मी सोलोचा कोर्स करायचं ठरवलं. आज कोणाही अनोळखी माणसाबरोबर उतरले तरी माझं सामान आणि माझा हिशोब एकटीचाच असतो.

दर्यावर्दी_मालवण | १४ जानेवारी, रात्री ८:४५

निळीशाई ताई, ते सद्गृहस्थ मला पण भेटलेत, दर सीझनला, वेगवेगळ्या नावांनी.

पण दुसरी गोष्ट सांगतंय. चार वर्षांमागे, पर्यटक नव्हते, आम्ही दोघेच नांगर शोधायला उतरलो होतो. तेरा-चौदा मीटर, पाणी गढूळ. मी पुढे सरकेना. पाय मारतो, जागच्या जागी. मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तंगूस अडकली होती. तुटलेल्या जाळ्याची तंगूस पाण्यात दिसत नाही, काचेसारखी असते. हात मागे नेला तर बोट लागतं पण पकड येत नाही. मी जितका वळलो तितकी ती नळीभोवती गुंडाळली. माझ्या सुरीची म्यान पोटरीला, आणि पाय वर घेतला की तोल जाऊन अजून गुंता. माझ्या भावानं मागून येऊन दोन काप मारले आणि मोकळा केला. दहा सेकंदांचं काम. एकटा असतो तर?

निळी_शाई | १४ जानेवारी, रात्री ९:३०

एकटे असतात तर जॅकेट, म्हणजे सिलिंडर ज्याला बांधलेला असतो ते, काढावं लागलं असतं. आमच्या कोर्समध्ये हे घोटून घेतलं. नळी तोंडात ठेवून, पट्टे सोडून, सिलिंडरसकट अख्खं जॅकेट अंगातून काढून समोर घ्यायचं, डोळ्यांसमोर गुंता कापायचा, परत घालायचं. वजनं जॅकेटमध्ये असतील तर ते खाली आणि तुम्ही वर जायला बघता, म्हणून ते घट्ट मिठीत धरायचं. वाचायला सोपं आहे. मला पहिल्यांदा सात मिनिटं लागली आणि मी शिक्षकाला मनातल्या मनात जे बोलले ते इथं संपादक उडवतील.

आणि सुरी पोटरीला बांधायची नाही, हे तुमच्याच गोष्टीतून शिकण्यासारखं. एक छातीपाशी पट्ट्यावर, दुसरी कमरेला, दोन्हींपैकी कोणत्याही हाताला सापडेल अशी. तंगूस कापायला मोठ्या सुरीपेक्षा छोटं हुकासारखं पातं बरं, बोटही कापत नाही.

दर्यावर्दी_मालवण | १४ जानेवारी, रात्री ९:४१

सुरी तेव्हापासून छातीवरच आहे. जॅकेटचं करून बघतंय या रविवारी. भावाला घेऊन 😄

मिहानचा_मुसाफिर | १५ जानेवारी, रात्री ११:००

तीन दिवस हेच वाचतोय. जुन्या सेटचा विषय डोक्यातून काढला. पण ताई, तुम्ही म्हणता "एकटीचा हिशोब", तो नेमका काय असतो? मी आकडेवाला माणूस आहे, मला आकडे दिले तर समजते.

निळी_शाई | १६ जानेवारी, सकाळी ६:५०

घ्या आकडे. पाण्यात निवांत पोहताना डायव्हर, पृष्ठभागावरच्या दाबानं मोजलं तर, मिनिटाला साधारण २० लिटर हवा ओढतो असं धरू. तुमचा खरा आकडा तुम्हाला स्वतः मोजावा लागतो, त्या कोर्समध्ये तेच पहिलं काम असतं. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे तीच फुप्फुसं मिनिटाला ६० लिटर खातात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बारला २,२०० लिटर हवा.

आता समजा २० मीटरवर तुमची मुख्य हवा बंद झाली. बडी नाही. तुम्ही घाबरलात, श्वास दुप्पट झाला, ४० लिटर. एक मिनिट गोंधळात आणि दुसरी नळी तोंडात घेण्यात गेलं: ४० गुणिले ३, १२० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगानं वर यायला अडीच मिनिटं धरा, सरासरी दाब २: २०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दाब दीड: १८० लिटर. बेरीज ५००. म्हणजे पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरशेजारी ३ लिटरचा छोटा, ज्याला पोनी म्हणतात, २०० बारला भरलेला असेल तर ६०० लिटर. पुरतो.

हेच ३० मीटरवर करा. १६०, अधिक ३५०, अधिक १८०. ६९० झाले. तोच पोनी थांब्यासकट पुरत नाही. म्हणून एकट्यानं किती खोल जायचं हे धाडसावर ठरत नाही, छोट्या सिलिंडरवर ठरतं. बाजारात थर्मासएवढी एक बाटली मिळते, सुमारे ८५ लिटरची, ऑनलाइन जाहिरातीत फार गोंडस दिसते. वरच्या हिशोबानं २० मीटरवर ती एक मिनिटही टिकत नाही.

मिहानचा_मुसाफिर | १६ जानेवारी, सकाळी ७:३०

हे एक्सेलमध्ये टाकलं. १२ मीटरला ३६० आलं. ताई, बरोबर?

निळी_शाई | १६ जानेवारी, सकाळी ७:४४

१ मिनिट गोंधळ ८८, वर यायला दीड मिनिट धरून ९६, थांबा १८०. ३६४. शाब्बास.

पुणेरी_खडूस | १६ जानेवारी, सकाळी ९:००

म्हणजे सोलोचं सामान = सगळं दोनदा. दोन मास्क, दोन कॉम्प्युटर, दोन सुऱ्या, दोन हवा. एवढ्या खर्चात एक माणूस कायमचा पगारी ठेवता येईल.

निळी_शाई | १६ जानेवारी, सकाळी ९:१२

फुगा, रीळ, शिट्टी, छोटा आरसा आणि टॉर्च विसरलात. आणि हो, सगळं दोनदा पण लोंबकळत नको. जास्त सामान म्हणजे तंगूसला जास्त जागा. पहिल्यांदा घ्याल तेव्हा मास्क घ्या, चेहऱ्याला बसणारा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकानं श्वास आत घ्या, चिकटून राहिला तर तुमचा. मग कॉम्प्युटर. बाकी शंभर होईपर्यंत भाड्यानं. सिलिंडर तर कधीच घेऊ नका, विमानात व्हॉल्व्ह काढून रिकामा न्यावा लागतो आणि भरायला शेवटी डाईव्ह सेंटरच लागतं.

झिरो_माईल | १६ जानेवारी, दुपारी ४:२०

अवांतर: ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात उतरलं तर ते 'उंचीवरचं डायव्हिंग' धरतात असं वाचलं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर. म्हणजे आपल्या जलतरण तलावात डुबकी मारली तर ती हाय अल्टिट्यूड का? 😎

सावजी_सम्राट | १६ जानेवारी, दुपारी ४:२३

प्रोफाइलवर लिहून टाकतो. हाय अल्टिट्यूड डायव्हर, वर्धा रोड.

कोराडीचा_जुना | १६ जानेवारी, सायंकाळी ५:१०

गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा कामाचा आहे. चिखलदऱ्याला जाताना वेफर्सचा पुडा फुगतो तो बघितला असेल. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेरचा दाब कमी झाला की तसाच वागतो. म्हणूनच डाईव्हनंतर लगेच विमान नको. पण लोक घाटाचा विचार करत नाहीत.

दर्यावर्दी_मालवण | १६ जानेवारी, रात्री ८:००

बरोबर. एकच डाईव्ह केली तर विमानाला निदान १२ तास, अनेक डाईव्ह केल्या तर १८, असं सांगतात. पण संध्याकाळी पाचला पाण्यातून निघून सातला आंबोलीत भजी खाणारे बरेच. आंबोली सुमारे ७०० मीटर. एक रात्र मालवणात रहा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

संपादक | १६ जानेवारी, रात्री ९:१५

एका सदस्यानं डाईव्ह सेंटरचा फोन नंबर आणि दर टाकले होते, ते उडवले आहेत. जाहिरात नको. चर्चा छान चालली आहे. मगरीवरचे पुढचे विनोद कृपया मगरीच्या धाग्यावर.

कान_नाक_घसा | १७ जानेवारी, सकाळी ८:३०

निळीशाई, कासवाची गोष्ट वाचून रात्री विचार केला. माझं मत बदललेलं नाही, पण "हो म्हणणार नाही" याच्यापुढे एक वाक्य जोडतो: तसल्या बडीलाही हो म्हणणार नाही. आणि विमा काढताना त्यात एकट्यानं उतरणं बसतं का ते नीट वाचा.

मिहानचा_मुसाफिर | ३ मे, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. माफी, मध्ये गायब होतो.

फेब्रुवारीत पोहायच्या बॅचला नाव घातलं. प्रशिक्षकांना म्हटलं मला पोहता येतं. त्यांनी २०० मीटर न थांबता पोहून दाखव म्हटलं. सत्तरला काठ धरला. ओंडका, वऱ्हाडी भाऊ म्हणाले तोच. कोर्सला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं नुसतं तरंगणं लागतं, ते एप्रिलात जमलं. नुसतं तरंगणं जास्त कठीण गेलं, कारण काहीच करायचं नसतं.

मग थिअरी घरी उरकली आणि गेल्या आठवड्यात ओपन वॉटर पूर्ण केलं. नागपूर-मडगाव गाडीनं गेलो, तीन बॅगा आणि एक संत्र्याच्या बर्फीचा डबा. मास्क पाण्याखाली काढून परत घालायचा असतो त्याला मी दोन महिने घाबरून होतो. पहिल्या वेळी नाकात पाणी गेलं, वर जायची खूण केली (अंगठ्यानं, बरोबर!), शिक्षकानं दंडावर हात ठेवला आणि बोटानं 'श्वास घे' दाखवलं. तो हात नसता तर मी नक्की वर पळालो असतो. दुसऱ्या वेळी जमलं.

चौथ्या डाईव्हला कोणीच धरलं नाही. बडी म्हणून साताऱ्याचे एक शिक्षक होते, साठीचे. आम्ही दर दोन मिनिटांनी एकमेकांना हवा दाखवत होतो, परीक्षेत पेपर दाखवतात तसं. त्यांची ९०, माझी ७०. मी पाणीपुरी खाल्ल्यासारखी हवा ओढतो.

सोलो करायचं आहे अजूनही. लॉगबुकात चार. शहाण्णव राहिल्या.

वऱ्हाडी_ठेचा | ३ मे, रात्री १०:१५

हाव ना भाऊ! अभिनंदन. बर्फी कोणी खाल्ली?

मिहानचा_मुसाफिर | ३ मे, रात्री १०:१७

बोटीवरच्यांनी. डाईव्हच्या आधीच.

निळी_शाई | ४ मे, सकाळी ७:००

चारही डाईव्हची नोंद नीट ठेवा: खोली, वेळ, सुरुवातीची हवा, शेवटची हवा. तुमचा मिनिटाचा आकडा आत्तापासून काढत चला, पुढे बघून हसू येईल. ऑक्टोबरनंतर नेत्राणीला (कर्नाटकातलं मुरुडेश्वरजवळचं बेट) जायचा विचार आहे, आमचा पाच जणांचा गट आहे. एक जागा आहे. कासव दिसलं तरी थांबणार असाल तर.

मिहानचा_मुसाफिर | ४ मे, सकाळी ७:०४

थांबतो. तिकीट काढू का?

नवखी_पोहणारी | ४ मे, दुपारी १२:३०

सगळा धागा एका दमात वाचला. एक बाळबोध प्रश्न: मला चष्मा आहे, उणे साडेचार. पाण्याखाली काही दिसेल का?

निळी_शाई | ४ मे, दुपारी १२:५०

नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी शिरलं की डोळे मिटून घ्यायचे. माझा उणे तीन आहे, मास्क सीताबर्डीच्या चष्मेवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, "मॅडम, ह्याची फ्रेम आमच्याकडे नाही."